छपरातलं पुस्तक

गेले आठ दिवस आमच्या गल्लीत जो तो तोंडाला रुमाल बांधून हिंडतो आहे. आधी सुरतेच्या प्लेगची बातमी आली, मागोमाग बीडकडची आली, आणि औषधाच्या दुकानातल्या कॅप्सुली दोन दिवसांत संपल्या. माझ्या मुलाने कुठून तरी दोन पाकिटं पैदा केली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आई, तू आधी घे." मी म्हटलं, "ठेव तिकडे. सत्त्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला न्यायला प्लेग काही रिकामा बसलेला नाही." तो हसला नाही. हल्लीच्या मुलांना मरणाची थट्टा चालत नाही. त्यांनी ते जवळून पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

काल संध्याकाळी महापालिकेचा माणूस धुराचं यंत्र खांद्याला लावून गल्लीतून गेला. पोरं त्या धुरात नाचली. धुराला रॉकेलचा वास होता. हा काही प्लेगचा वास नव्हे. प्लेगचा वास गंधकाचा, कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा, भिजवलेल्या चुन्याचा. भादवा सरत आला, गणपती गेले, दुपारी ऊन चटकायला लागलं की तो वास माझ्या नाकात आपोआप येतो. आसपास कुणी गंधक जाळत नाही, कुठे उंदीर पडलेला नाही, तरी येतो. गेली अडुसष्ट वर्षं येतो आहे आणि मी कुणाला सांगितलेलं नाही.

या गडबडीतच ते पत्र आलं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जन्मशताब्दी आहे. निवृत्त होईपर्यंत ते एका विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. त्या ग्रंथालयाची स्मरणिका निघायची आहे. संपादकांनी फार आदराने लिहिलं आहे: "अण्णासाहेबांच्या नोंदींत एकही चूक कधी सापडली नाही. शिवाय ते अत्यंत कुटुंबवत्सल होते, असे त्यांचे सहकारी सांगतात. घरातले अण्णासाहेब कसे होते, ते आपण लिहावे." कुटुंबवत्सल. हा शब्द मी आजवर फक्त मृत्युलेखांत वाचला होता. पण माणसं खोटं बोलत नाहीत. साडेपाचला ग्रंथालयाचं दार लागलं की अण्णा पिशवीत भाजी घेऊन तरातरा घराकडे निघायचे. कुलगुरूंनी चहाला थांबवलं तरी थांबायचे नाहीत. घराच्या उंबऱ्यात उभे राहून ते आम्हा मुलांची नावं घ्यायचे, मोठीपासून धाकटीपर्यंत, आणि प्रत्येकाचं 'ओ' ऐकल्याशिवाय चप्पल काढायचे नाहीत. सहकाऱ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. पहिलं नाव माझं असायचं, कुसुम. त्यानंतर ते एक श्वासभर थांबायचे, आणि मग शांता म्हणायचे. त्या थांबण्याबद्दल सहकाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. ते कुणासाठी थांबायचे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. का थांबायचे ते मला एकटीला ठाऊक आहे, असं मी परवा परवापर्यंत समजत होते.

विद्यापीठ नंतरचं. त्याआधी अण्णा इथे, सोलापुरात, एका जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. पेठेत माडीवर दोन खोल्या, खाली सुताचं दुकान, आणि मदतीला इमामभाई नावाचे एक उंच शिपाई. गिरणीतून मांजरपाटाचे तुकडे यायचे, ते खळीने चिकटवून अण्णा पुस्तकांना कव्हरं घालायचे. प्रत्येक पुस्तकाला घालायचे, अगदी रद्दीत जायच्या लायकीचं असलं तरी. दर शनिवारी मी तिथे जायची. काही मागितलं की अण्णा आधी म्हणायचे, "हात बघू." मी दोन्ही तळवे पुढे करायची. ते चष्मा वर करून नीट बघायचे, बोटांच्या पेरांतसुद्धा. चिंचेचा, तेलाचा, शाईचा डाग दिसला की मागच्या नळावर पिटाळायचे. मंडळाचे अध्यक्ष एकदा पान खाऊन आले तर त्यांनाही म्हणाले होते, "हात बघू." इमामभाई म्हणायचे, "अण्णा, अल्लामियाँके सामने भी तुम यहीच बोलेंगे." अण्णा गंभीरपणे म्हणाले, "त्याने पुस्तक मागितलं तर बोलेन."

त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. दिनू पाच, शांता आईच्या कडेवर. गणपती बुडाले आणि धान्याच्या बाजारात उंदीर पडला. त्या काळी कुणी रोगाचं नाव घेत नसे. 'उंदीर पडला' एवढंच म्हणत, तेही हळू. मग रोज एकेक पेठ जवळ येत गेली. आई चूल सारवताना मध्येच थांबून भिंतीशी कान लावायची. माळ्यावर खुडबुड ऐकू आली तर तिला हायसं वाटायचं, कारण खुडबुड म्हणजे उंदीर जिवंत आहेत. एके दिवशी खुडबुड थांबली. आईने त्याच दुपारी भांडी बांधायला काढली.

माढ्याला मामाचं घर होतं. त्याचं पत्र आलं होतं, सगळ्यांना इकडे पाठवा म्हणून. आई अण्णांना म्हणाली, "सकाळची गाडी आहे की. दुपारपर्यंत माढ्याला पोचतो."

"आणि माढ्याला उंदीर पडला तर? मला कळणार कसं? पोरं माझ्या डोळ्यांसमोर हवीत."

"मग तुम्हीही चला."

"वाचनालय कुणावर टाकू?"

"वाचनालयाला गाठ येत नाही," आई म्हणाली.

आम्ही माढ्याला गेलो नाही. गावाबाहेर, विजापूरच्या रस्त्याकडच्या माळावर, लोकांनी झोपड्या घातल्या होत्या, तिथे गेलो. आईने हे माढ्याचं पुढे आयुष्यभर काढलं. भाजी करपली तरी माढा निघायचं. आता मी स्वतः आई झाल्यावर, आजी झाल्यावर वाटतं, अण्णांची चूक कसली, तर पोरांना नजरेआड करवेना, ही. अशी चूक माझ्या हातूनही झाली असती.

कडब्याच्या भिंती, वर पाचटाचं छप्पर, दाराला गोणपाट. पहिले आठ दिवस आम्हा मुलांची जत्राच होती. शाळा बंद, वर मोठं आभाळ, आणि शेजारच्या झोपडीत भीमव्वा. तेलाचं दुकान असलेल्या घरातली ही बाई, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज माळाच्या पार टोकापर्यंत जाईल असा. घरी कानडी बोलायची आणि आमच्याशी मराठी. आईला म्हणाली, "बाई, भिऊ नगा. हितं वारा लई हाय. पोरास्नी काय बी व्हत न्हाय." दिनू तिच्या मागे मागे हिंडायचा. आठ दिवसांत तिच्यासारखं बोलायला लागला. आईने विचारलं, "जेवलास का?" तर कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "व्हय. दोन भाकरी खाल्ल्या की." भीमव्वाला त्याचं एवढं हसू यायचं की ती डोळे पुसायची.

पण माळावरून गाव दिसायचं, आणि ते बघायला नको वाटायचं. गिरणीचा भोंगा वेळेवर व्हायचा, भोंग्यामागून निघणारी माणसं मात्र रोज कमी दिसायची. गावावर घारी फिरायच्या. दारांवर लाल फुल्या मारल्यात, असं येणारे-जाणारे सांगायचे. मशानाची वाट आमच्या माळाच्या कडेने जायची. सुरुवातीला तिरडीमागे लोक असायचे, ताशा असायचा. पुढे चार खांदेकरी तेवढे, आणि तेही न बोलता भराभरा चालायचे. आई अशा वेळी आम्हाला आत बोलावून शेंगा फोडायला बसवायची. एका दुपारी मी पायली भरून शेंगा फोडल्या होत्या, एवढं आठवतं.

अण्णा रोज गावात जायचे. गावातल्या घरांत पुस्तकं अडकली होती, वाचक पळाले होते, काही गेले होते. आलेलं पुस्तक उन्हात ठेवायचं, पेटीत गंधकाची धुरी द्यायची, मग कपाटात लावायचं. लोक म्हणायचे, जाळून टाका हो. अण्णा म्हणायचे, माणसं परत येतील तेव्हा काय वाचतील? संध्याकाळी परतताना ते नाल्याच्या पलीकडे थांबायचे. तिथल्या बाभळीखाली आई कढत पाण्याचा हंडा ठेवून यायची. गावातले कपडे बाभळीवर टांगून, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ करून, दुसरं धोतर नेसूनच ते नाला ओलांडायचे. आणि त्याआधी एक खूण होती. वाचनालयात सगळं ठीक असेल तर लांबूनच छत्री उघडायची. मग ऊन असो नसो. मी आणि दिनू टेकाडावर उभे राहायचो. छत्री उघडली की दिनू ओरडायचा, "उगडली!" आणि आई चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला घ्यायची. छत्री दिसेपर्यंत ती पिठाला हात लावत नसे.

मी अण्णांच्या मागे लागले होते, वाचायला काही आणा म्हणून. रोज मागे लागायची. शेवटी एक दिवस त्यांनी फडक्यात बांधून एक पुस्तक आणलं. "हात बघू," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या नावावर नोंदलंय. रजिस्टरात नाव आहे आता तुझं. जपून." समुद्रावरच्या सफरींचं पुस्तक होतं, पानोपानी चित्रं. समुद्र मी पाहिला नव्हता. सिद्धेश्वराचं तळं पाहिलं होतं, त्याच्यावरून जमेल तसा अंदाज करायची. दिनूला वाचता येत नव्हतं. तो फक्त जहाजावर बोट ठेवायचा आणि विचारायचा, "ह्यात कोण बसलंय?" मी सांगायची. उलटसुलट काहीही सांगायची. माझ्या नावावरचं ते पहिलं पुस्तक होतं आणि मी ते उशाशी घेऊन निजायची. त्या वेळचा आनंद मला अजून आठवतो, आणि त्याची लाजही वाटते.

तिसऱ्या संध्याकाळी छत्री उघडली नाही.

अण्णा बाभळीपाशी आले आणि मिटलेली छत्री हातात धरून तसेच उभे राहिले. हंड्याला हात लावला नाही. मी टेकाडावरून पळत निघाले तर त्यांनी हात वर केला. "कुशे, पुढे येऊ नकोस. तिथेच थांब. आईला बोलाव."

आई शांताला घेऊन आली. मध्ये नाला, पाणी असेल घोट्याएवढं. अण्णा पलीकडून मोठ्याने, पण एकेक शब्द सावकाश बोलले. "वाचनालयात उंदीर पडला. मुलांच्या पुस्तकांच्या कपाटामागे. इमामभाईंनी चिमट्याने काढला. मी दहा दिवस तिकडेच राहतो. रोज संध्याकाळी इथवर येऊन छत्री उघडेन. उघडली की समजायचं मला ताप नाही."

आईने मान हलवली.

"आणि ऐक. कुशीचं पुस्तक त्याच कपाटातलं आहे. आत्ताच्या आत्ता जाळ. हाताने उचलू नका, काठीने चुलीत ढकला. फडक्यासकट."

आईच्या कडेवर शांता रडत होती. आई मला म्हणाली, "जा, टाक चुलीत. मी आले." मी झोपडीत गेले. पुस्तक उशाशीच होतं. जहाज वादळात सापडलं होतं, कप्तान आजारी होता, आणि पुढची चाळीस पानं राहिली होती. नऊ वर्षांच्या मुलीला प्लेग कळतो का? कळतो. सगळं कळत होतं मला, उगाच अजाण होते असं म्हणणार नाही. तरी मी पुस्तक चुलीत टाकलं नाही. कोपऱ्यात मागल्या वर्षीचं पंचांग होतं, ते फडक्यात बांधून चुलीत ढकललं. पुस्तक छपराच्या पाचटात, आडव्या बांबूच्या वर खुपसलं. आई आली तेव्हा चुलीत फडकं जळत होतं आणि कागदाची राख वर उडत होती. तिने पदराने डोळे पुसले. तिला पुस्तकाचं वाईट वाटलं नव्हतं, ती अण्णांसाठी रडत होती.

दिनूने मात्र पाहिलं होतं. दारातल्या गोणपाटाआडून पाहिलं होतं त्याने.

"आईला सांगायचं नाही," मी म्हटलं.

"न्हाय सांगत," तो म्हणाला. "आन जहाज दाव की."

त्यानंतर पाच दुपारी आम्ही दोघांनी ते पुस्तक वाचलं. आई नाल्यावर धुणं घेऊन गेली की मी पाट्यावर चढून ते खाली काढायची. दिनू माझ्या मांडीला टेकून बसायचा. संध्याकाळी पलीकडे छत्री उघडायची आणि दिनू 'उगडली' म्हणून ओरडायचा, पण मी दर वेळी आधी मागे वळून छपराकडे बघायची. आईने एकदा विचारलं, "मागलं पंचांग कुठे गेलं गं? त्यात माढ्याच्या दादाचा पत्ता लिहिला होता." मी म्हटलं, "मला काय माहीत." खोटं बोलणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं. तोवर माळावरही दोन झोपड्यांत गाठी निघाल्या होत्या. भीमव्वा आता वाऱ्याबद्दल काही बोलत नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी दिनूने दूध घेतलं नाही. दुपारी अंग भाजायला लागलं. आईने त्याची चड्डी सरकवून जांघेत हात लावला आणि हात तसाच ठेवून बसून राहिली. मग तिने भीमव्वाला हाक मारली. भीमव्वा दारात आली, पाहिलं, आणि लुगडं खोचून गावाकडे धावत सुटली. त्या अवाढव्य बाईला धावताना मी तेवढंच एकदा पाहिलं. तासाभरात अण्णा आले. बाभळीपाशी थांबले नाहीत, कपडे काढले नाहीत, नाल्यातून चपलांसकट आले. दिनूला मांडीवर घेतलं आणि पुढचे दोन दिवस खाली ठेवलं नाही.

मी कोपऱ्यात बसून होते. माझ्या डोक्यावर, हातभर वर, ते पुस्तक होतं. सांगावं असं शंभरदा मनात आलं. सांगितल्याने ताप उतरेल असं कुणी म्हणालं असतं तर सांगितलंही असतं. पण तसं कुणी म्हणालं नाही, आणि मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी दिनू बरळायला लागला. "जहाज," तो म्हणाला. "जहाज दाव की."

"काय म्हणतोय हा?" आई म्हणाली. "कसलं जहाज?"

दिनूने हात वर केला. बोट छपराकडे केलं आणि तसंच धरून ठेवलं. आई रडायला लागली, "अहो, त्याला न्यायला आलेत, बघा ना, वर बघतोय." अण्णांनी त्याच्या बोटाच्या रोखाने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दिनूचा हात हळूच खाली आणून आपल्या हातात घेतला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांना काही कळलेलं नाही, असं मला वाटलं, आणि देवाशपथ सांगते, मला सुटल्यासारखं झालं. भाऊ मरत होता आणि मला सुटल्यासारखं झालं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी, पहिला भोंगा झाला तेव्हा, दिनू गेला.

अण्णा त्याला नेऊन आले तेव्हा आई दारात बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही आणलंत. तुमच्या त्या वाचनालयातून तुम्ही आणलंत."

अण्णा म्हणाले, "हो."

एवढंच. त्यानंतर एकेचाळीस वर्षं दोघांनी संसार केला. आई वाईट नव्हती, पण दर भाद्रपदात, दर राखीला, कधी नुसत्या कुणाच्या मुलाला पाहून तिच्या तोंडून ते वाक्य निघायचं. अण्णा दर वेळी 'हो' म्हणायचे. विद्यापीठाची नोकरी त्यांनी तिच्यासाठीच धरली. तिला सोलापूर नको झालं होतं. ज्याच्या हाताखाली हजारो पुस्तकं होती त्या माणसाने स्वतःच्या घरात ग्रंथालयाचं एकही पुस्तक कधी आणलं नाही, कारण आईने तशी शपथ घातली होती. साडेपाचला घरी येऊन ते आधी मोरीत जायचे, हातपाय घासून धुवायचे, मग आम्हाला जवळ घ्यायचे. लोक त्याला शिस्त म्हणायचे.

संक्रांतीनंतर माळ मोडला. परत जाताना झोपडी पेटवून जायची, अशी रीत होती. रोग मागे राहू नये म्हणून. सगळ्यांची भांडी बैलगाडीत चढली. अण्णा म्हणाले, "काही राहिलंय का बघून येतो," आणि एकटेच आत गेले. थोडा वेळ लागला त्यांना. मग बाहेर येऊन त्यांनी स्वतः काडी लावली. पाचट भडकन पेटलं. दुसऱ्या झोपड्यांची माणसं पाठ फिरवून निघाली होती, अण्णा मात्र शेवटचा बांबू खाली पडेपर्यंत उभे होते. मीही उभी होते. आता ते जळलं, आता कुणालाच कधी कळणार नाही, असं मी मनात म्हणत होते. जहाज बंदराला लागलं की नाही ते मी वाचलेलं नव्हतं. अजूनही नाही.

मग अण्णा माझ्याकडे वळले. "हात बघू," म्हणाले.

मला नवल वाटलं. तिथे पुस्तक नव्हतं. मी तळवे पुढे केले. अण्णांनी चष्मा वर केला, दोन्ही तळवे नीट पाहिले, पेरांत पाहिलं, आणि म्हणाले, "स्वच्छ आहेत." मग माझा हात धरून गाडीकडे चालू लागले. त्यानंतर त्यांनी मला हात दाखवायला कधीच सांगितलं नाही.

शांताचा मुलगा डॉक्टर आहे. एकदा आडून आडून त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "मावशी, रोग पिसवांतून येतो, उंदरांच्या पिसवा. पुस्तकातून यायचा संभव नसल्यातच जमा. माळावर आणखी माणसं आजारी होती ना? कुठूनही आला असेल." हे डोक्याला पटतं. पण ते पुस्तक या हातांनी खाली काढलं आणि या हातांनी वर खुपसलं, आणि ह्या हातांना काही ते पटत नाही.

आता परवाचं. स्मरणिकेच्या लेखासाठी अण्णांची इथली वर्षं नक्की कोणती ते हवं होतं, म्हणून मी वाचनालयात गेले. आता तिथे वैशाली नावाची एक चुणचुणीत मुलगी ग्रंथपाल आहे. म्हणाली, "आजी, जुनी देवघेवीची रजिस्टरं आहेत की. वाळवी लागलीय, पण बघा." तिने दोन रजिस्टरं आणून झटकून दिली. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं होतं. मी आपली गंमत म्हणून पानं उलटत होते. उलटता उलटता ते पुस्तक समोर आलं.

वाचकाच्या रकान्यात नाव होतं ते अण्णांचं. 'स्वतः' असं लिहिलेलं. त्याखालचा कागद खरवडलेला होता, चाकूच्या पात्याने, फार काळजीने. मी रजिस्टर उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. पातळ झालेल्या कागदात 'कु' एवढंच दिसत होतं.

शेऱ्याच्या रकान्यात दोन नोंदी होत्या. पहिली, 'घरी जाळले.' त्यावर एक सरळ रेघ मारलेली. खाली दुसरी, तारीख झोपड्या जाळल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची: 'झोपडीच्या छपरात सापडले. जाळावयाचे माझ्याकडून राहून गेले होते. माझ्या हाताने जाळले.'

वैशालीने विचारलं, "आजी, पाणी देऊ का?" मी हो म्हटलं. तिने दिलं, मी प्याले. म्हणजे अण्णांना कळलं होतं. दिनूच्या बोटावरून कळलं होतं आणि छपरात हात घातल्यावर खात्री पटली होती. पुस्तकाबद्दल त्यांना खोटं लिहवेना, म्हणून सापडलं ते लिहिलं, कुठे सापडलं तेही लिहिलं. फक्त माणूस बदलला. आणि ते 'हो', एकेचाळीस वर्षांचं, आईच्या समोर मान खाली घालून म्हटलेलं, ते माझ्या वाट्याचं होतं.

त्यांनी मला एकदा तरी रागवायला हवं होतं. मी त्यांच्यावर चिडले आहे, आज, या वयात. गालात मारली असती तर मी रडले असते, सांगून टाकलं असतं, आणि आईच्या माराला तयार झाले असते. पण त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीला वाचवायचं ठरवलं आणि तिला तसं कळूही दिलं नाही. एक पोर हातचं गेलं होतं, दुसरं जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना. कुटुंबवत्सल म्हणतात तो हाच असावा.

वैशाली म्हणाली, "या पानाची झेरॉक्स काढून देऊ का? तुमच्या लेखात छापता येईल." मी नको म्हटलं.

तर संपादक महाशय, तुम्ही लिहिलंत की अण्णांच्या नोंदींत एकही चूक सापडली नाही. एक आहे. ती त्यांनी जाणूनबुजून केली, आणि त्यांच्यामागे ती दुरुस्त करायला आता मीच उरले आहे. तुमच्या स्मरणिकेत कुटुंबवत्सल अण्णासाहेबांवर गोड लेख हवा होता, याची मला कल्पना आहे. पण छापायचं असेल तर हेच छापा.

वाचकाचं नाव: कुसुम, वय नऊ. पुस्तक जाळायला सांगितलं होतं, तिने जाळलं नाही. छपरात तिने लपवलं. हात स्वच्छ नव्हते.